माथेरानच्या इंजिनाचा पोकळ आस, श्रीवर्धनची सुपारी आणि अडणारं चाक

पोफळबाग (श्रीवर्धन)

नमस्कार मंडळी.

मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन माथेरानला गेलो होतो. नेरळला गाडीची वाट बघताना तिथं उभं करून ठेवलेलं जुनं वाफेचं इंजिन पोरांना दाखवत होतो. धाकटी नात म्हणाली, "आजोबा, याची चाकं आत का गेलीत?"

मी पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. वाकून बघितलं तर पोरीचं बरोबर होतं. मोठ्या गाडीच्या वाफेच्या इंजिनाची चाकं बाहेर दिसायची आणि त्यांना दांडा जोडलेला असायचा. इथं चाकांच्या बाहेरून लोखंडी पाटा गेलाय, म्हणजे इंजिनाची चौकट. चाकं त्या चौकटीच्या आत लपलेली. आणि चौकटीच्या बाहेर, हवेत लोंबकळल्यासारखे, सहा क्रँक, म्हणजे चाक फिरवणारे हात. दांडे त्या क्रँकना जोडलेले.

पोरीला मी तेव्हा "रूळ अरुंद आहेत ना, म्हणून" असं काहीतरी उत्तर दिलं. उत्तर अर्धवट आहे हे माझं मला कळत होतं. घरी आल्यावर महिनाभर जे सापडेल ते वाचलं, आणि आता हे सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. नेरळ ते माथेरान ही लाइन सुमारे २१ किलोमीटर. रुळांतलं अंतर फक्त २ फूट. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ती बांधून घेतली. खर्च १६ लाख रुपये. इंजिनं चार, एकाच वर्गातली, नंबर ७३८ ते ७४१. बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने बांधलेली. त्यांची आखणी एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची. हे तेच, ज्यांनी आपल्याकडची बार्शी लाइट रेल्वे उभी केली. (पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागेही हाच माणूस लागला होता.)

आता मूळ अडचण. डोंगर चढायला इंजिन जड पाहिजे, कारण चाकाची रुळावरची पकड वजनातून येते. पण रूळ हलके, सुरुवातीला यार्डभर लांबीला ३० पौंड वजनाचे. एकेका आसावर (आस म्हणजे दोन चाकं जोडणारा अ‍ॅक्सल) फार वजन टाकलं तर रूळ वाकणार. म्हणून वजन वाटायला आस वाढवायचे, दोनाऐवजी तीन. पण तीन आस एका चौकटीत ताठ बसवले की इंजिन लांब आणि आखूड वळणावर अडेलतट्टू. पुढचं चाक रुळाला घासत, कापत जाणार, नाहीतर रूळ सोडणार. आणि माथेरानच्या लाइनीवर वळणाशिवाय दुसरं आहे काय! खिडकीतून बघावं तर आपल्याच गाडीचा शेवटचा डबा समोरून येताना दिसतो.

मग आसांना वळू द्यावं, बैलगाडीसारखं? तेही जमत नाही. तिन्ही आस बाजूच्या दांड्याने एकमेकांना बांधलेले आहेत. आस जरा तिरका झाला की एका बाजूला क्रँकमधलं अंतर कमी होणार आणि दुसऱ्या बाजूला वाढणार. दांडा काही रबराचा नाही. तो वाकेल, नाहीतर खीळ तोडेल.

म्हणजे आस ताठही पाहिजे आणि वळलाही पाहिजे.

यावर सॅक्सनीच्या रेल्वेतल्या क्लीन आणि लिंडनर या दोघांनी काढलेली तोड मला इतकी आवडली की त्या रात्री मी झोपलो नाही. त्यांनी आसच दोन केले, एकात एक. आतला आस भरीव. तो चौकटीत ताठ, कधीही तिरका न होणारा. त्याची टोकं चाकांच्या पोटातून आरपार बाहेर येतात, चौकटीतल्या बेअरिंगमध्ये बसतात आणि पुढे क्रँक. दांड्याचा सगळा व्यवहार या आतल्या आसाशी. त्याच्यावरून घातलेला दुसरा आस म्हणजे जाड पोकळ नळी, आणि चाकं या नळीवर बसवलेली. आतल्या आसाला बरोबर मधोमध चेंडूसारखा फुगवटा. नळी त्या फुगवट्यावर तोललेली, त्यामुळे ती चाकांसकट थोडी तिरकी होऊ शकते, जराशी बाजूलाही सरकू शकते. आणि फुगवट्यातून आरपार गेलेली एक पिन, जी आतल्या आसाचं फिरणं बाहेरच्या नळीला देते.

चौकट बाहेर का, ते इथं उलगडतं. आतला आस चाकातून बाहेर काढायचा तर चौकट आणि क्रँक चाकाच्या बाहेरच लागणार. नातीला आता खरं उत्तर देता येईल.

पहिल्या आणि तिसऱ्या आसाला ही रचना आहे, मधला साधा.

हे हातात घेऊन बघावं म्हणून मॉडेल केलं. आमच्याच बागेतली रोठा सुपारी घेतली, चांगली गोल बघून. ड्रिलने भोक पाडून त्यात सायकलचा स्पोक घातला आणि एम-सीलने पक्का केला. वायरिंगचा अर्धा इंची पाइप वीतभर कापला, सुपारी आत जेमतेम जाईल एवढी घासून गोल केली आणि मधोमध ढकलली. पाइपला समोरासमोर दोन भोकं, त्यातून सुपारीच्या आरपार दाभण. पाइपच्या टोकांना दोन बाटल्यांची झाकणं, चाकं म्हणून.

स्पोक फिरवला की पाइप फिरतो. पाइप तिरकाही होतो. पण तिरका धरून फिरवला की पाव फेरीनंतर अडतो. जोर लावला की खट् करून सुटतो, पुन्हा अर्ध्या फेरीने अडतो. सुपारी तीन वेळा बदलली. दोष कुठे आहे, कुणी सांगेल का?

---

तांडेल (रेवस)

काका, वाचून जीव सुखावला. मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, रेल्वेतलं फार कळत नाही. पण हे आतला-बाहेरचा आस प्रकरण वाचून पहिला विचार आला तो वंगणाचा. सगळं वजन त्या फुगवट्यावर, फिरवण्याचा सगळा जोर त्या पिनेवर, आणि दोन्ही नळीच्या पोटात. तेल पोचवायचं कसं? माथेरानचा माथा म्हणजे जांभा. ती लाल धूळ ग्रीसमध्ये गेली की त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते. आमच्याकडे चिऱ्याच्या खाणीवरचे डंपर येतात, त्यांची बेअरिंगं उघडली की आतून वाटलेल्या मिरचीसारखा लाल लगदा निघतो.

अडण्याचं कारण मला वाटतं सुपारी. कितीही घासा, ती खालून चपटीच असते.

---

पोफळबाग

तांडेल, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. या रचनेची झीज हेच तिचं दुखणं. जर्मन सैन्याने याच आसांची आठ चाकी छोटी इंजिनं पहिल्या महायुद्धात वापरली, ६०० मिलिमीटर रुळांवर, ब्रिगेडलोक नावाची. अडीच हजारांवर बांधली. तिथेही हे आस झिजले की इंजिन डोलायला लागायचं. मात्र माथेरानला वेगच मुळात बेताचा. दोन तासांच्या वर लागतात २१ किलोमीटरला. त्यामुळे डोलण्याचा प्रश्न तिथं तितका आला नसावा, असं मला वाटतं.

सुपारी चपटी आहे हे मान्य. पण लाकडी मणी घालूनही बघितला. तोही अडतो.

---

कुळागर (वेंगुर्ला)

काकानू, माका ह्यातला यांत्रिक कायएक कळणा नाय, पण वाचूक खूप बरा वाटला. आमच्याकडे रेल्वे इली ती नव्वदच्या दशकात, ती पण कुडाळास. त्याच्या आदी मुंबयक जावचा म्हणजे बोट. आजो सांगी, आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी रवायची आणि पडावात बसान तिच्यापर्यंत जावचा लागायचा. म्हणजे आमच्या घरात वाफेचा इंजिन बघलला ता पाण्यावरचाच. रुळावरचा वाफेचा इंजिन आमच्या वाटेक कधी इलाच नाय.

---

खाडीपलीकडे (भाट्ये, रत्नागिरी)

कुळागर, अगदी खरं. आपल्या किनाऱ्याला वाफेची गाडी लागलीच नाही. दिव्याहून निघालेली लाइन रोह्याला पोचली १९८६ मध्ये. संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. तोवर वाफेचा जमाना संपलेला.

पोफळबागकाकांच्या लेखावरून एक हिशेब मांडावासा वाटला. कोकण रेल्वेचा जास्तीत जास्त चढ १५० ला १. म्हणजे दीडशे मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. बोरघाटात, १८६३ मध्ये सुरू झालेल्या लाइनीवर, ३७ ला १. आणि नेरळ-माथेरानला २० ला १. तिन्ही आपल्याच कोकण विभागातल्या लाइनी. कोकण रेल्वेने डोंगर आला की बोगदा खणला, एकटा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. वळण द्यायचं तर साडेबाराशे मीटर त्रिज्येचं. माथेरानवाल्यांना तो खर्च झेपणाराच नव्हता, म्हणून त्यांनी डोंगराला वळसे घातले. डोंगर न फोडता चढायचं म्हणून वळणं, वळणं आली म्हणून तसं इंजिन.

बोरघाटात तर गाडी उलटी फिरवायचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, १९२९ पर्यंत. माथेरानला तसं काही नाही ना?

---

उल्हासकाठ (नेरळजवळ)

नाही. माथेरानला इंजिन पुढून काढून मागे लावायची भानगड कुठेच नाही. घोड्याच्या नालेसारखे मोठे वळसे घालून लाइन वर नेलीय. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. लाइनीवर बोगदा एकच, तोही इवलासा. सगळे त्याला वन किस टनेल म्हणतात.

मी सत्तरच्या दशकात लहान होतो. तोवर डिझेल येऊन बरीच वर्षं झाली होती (जर्मनीच्या युंग कंपनीची एनडीएम-१, पन्नासच्या दशकातली), पण वाफेचं इंजिनही अजून मधूनमधून निघायचं. मला आठवतं ते वॉटर पाइप. नावच त्यावरून पडलं, इंजिन तिथं पाणी प्यायचं. गाडी थांबली की ठाकरवाडीतल्या बाया पळसाच्या पानांच्या द्रोणातून करवंदं घेऊन यायच्या. इंजिनाला पाणी लावलेलं असायचं, आणि त्या पाण्याचा आवाज थांबला की आई घाईने पैसे काढायची, कारण आता शिट्टी होणार. डब्यात बसल्यावर करवंदांच्या चिकाने बोटं चिकटलेली आणि तोंडात कोळशाची कचकच. चव अजून जिभेवर आहे.

दुसरी आठवण ब्रेकवाल्यांची. प्रत्येक डब्याला हाताचा ब्रेक आणि तो फिरवायला माणूस. ड्रायव्हर शिट्टी देईल त्याप्रमाणे ही माणसं चाक आवळणार किंवा सोडणार. उतरताना गाडी इंजिनाने नाही, या माणसांनी सांभाळलेली असायची. माझ्या शाळेतल्या एकाचे वडील ब्रेकवर होते. त्यांच्या तळहाताला आडवा घट्टा पडलेला, आम्ही पोरं तो दाबून बघायचो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वाफ बंद झाली.

---

दीपस्तंभ (मुरूड-जंजिरा)

लेख चांगला आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. चार इंजिनांना वर्ग कसं म्हणायचं? दोन फुटी रुळांवरचा भारतातला खरा वर्ग म्हणजे दार्जिलिंगचा बी क्लास. १८८९ पासून १९२० च्या दशकापर्यंत ३४ बांधली गेली. चार चाकं, आस ताठ, कुठलीही पोकळ नळी नाही, फुगवटा नाही, पिन नाही. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगीर घातल्यासारखी, म्हणजे पाण्याचंही वजन चाकांवर. तीच इंजिनं आजही दार्जिलिंगला धावतात. तुमची हुशार रचनेची चारही थांबली. मग साधेपणा श्रेष्ठ ठरला की नाही? नेरळलासुद्धा पुढे वाफेवर गाडी चालवावी असं ठरलं तेव्हा दार्जिलिंगहून ७९४ नंबरचं बी क्लास आणलं गेलं.

---

पोफळबाग

दीपस्तंभ, बी क्लासबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं मान्य. ते इंजिन थोर आहे. चार चाकं म्हणजे पुढच्या-मागच्या आसात अंतर कमी, वळणावर अडचण कमी. दुरुस्ती डोंगरातल्या वर्कशॉपात करता येते. त्यांनी तीन इंजिनं स्वतःच्या तिनधारियाच्या कारखान्यात बांधलीही. लेथवाला म्हणून मला त्याचं फार कौतुक आहे.

पण तुलना करताना लाइनही बघायला हवी. दार्जिलिंगला उलटसुलट झेड आणि लूप आहेत. चढ असह्य झाला की गाडी मागे घेऊन वर चढवतात. माथेरानला नेरळपासून वरपर्यंत एका दमात सरळ पुढे. आणि दार्जिलिंगकरांनाही चार चाकं अपुरी वाटलीच होती. त्यांनी एक गॅरट मागवलं होतं, दोन इंजिनांचे चाकांचे संच आणि मध्ये बॉयलर. ते एकच राहिलं. दोन संच म्हणजे चार सिलिंडर, आणि वाफ नेणारे पाइप वळणाऱ्या सांध्यातून न्यायचे. तिथं गळती आलीच. कॅलथ्रॉप यांनी त्या वाटेला न जाता दोनच सिलिंडर, एकच ताठ चौकट, वाफेचे पाइप पक्के, आणि वळायचं काम फक्त आसांकडे दिलं. माझ्या मते त्या डोंगरासाठी ही निवड बरोबर होती. सत्तर वर्षांच्या वर ती चाललीही.

वर्ग म्हणायचा तो संख्येवरून नाही. एका आखणीची, एका कामासाठीची, एकमेकांचे सुटे भाग चालतील अशी इंजिनं म्हणजे वर्ग. चार असली तरी.

आणि मला खरं खटकतं ते "टॉय ट्रेन". खेळण्यातली गाडी म्हणतात सगळे, पाट्यांवरसुद्धा तसंच. २० ला १ चा चढ म्हणजे काय, याचा हिशेब करून बघा. त्या चढावर गाडीच्या प्रत्येक टनामागे ५० किलो मागे ओढ. समजा इंजिनासकट ६० टन गाडी आहे, तर नुसती जागेवर धरून ठेवायला ३ टन जोर. त्यात वळणाचं घर्षण वेगळं. आणि समजा इंजिन २० टनांचं, तर कोरड्या रुळावर पकड मिळते वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे ५ टन. दव पडलं, पानं पडली की हीच पकड निम्म्यावर येते, अडीच टन. ३ टन हवेत आणि आहेत अडीच! चाक जागच्या जागी गरगर फिरणार. यात खेळणं कुठे आहे?

---

सुरंगी (दापोली)

काका, मी मेकॅनिकलची आहे, सध्या घरून काम करते. तुमचा धागा ऑफिसच्या कामाच्या वेळात वाचून काढला.

त्या ३ आणि अडीचच्या मधली जागा वाळू भरून काढते. चाकापुढे रुळावर वाळू सोडली की पकड परत येते. दार्जिलिंगला त्यासाठी इंजिनाच्या नाकावर माणसं बसलेली असतात, हाताने वाळू टाकत.

चढणीच्या इंजिनांची आणखी एक काळजी असते ती बॉयलरमधल्या पाण्याची. २० ला १ वर दोन मीटर लांबीत पाण्याची पातळी एका टोकाला १० सेंटिमीटरने खाली जाते. फायरबॉक्सचं छत कायम पाण्याखाली राहिलंच पाहिजे. ते उघडं पडलं तर लोखंड मऊ होऊन बॉयलर फुटायचा. म्हणून छताला शिशाचा लेड प्लग असतो. पाणी उतरलं की शिसं वितळतं आणि वाफ आगीवर सुटून ड्रायव्हरला इशारा मिळतो. फायरबॉक्सची बाजू उताराकडे ठेवली तर पाणी तिकडेच साचतं आणि छत झाकलेलं राहतं. सपाटीवर गेज ग्लास, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, वाचणं सोपं. चढ-उतार बदलत असताना तो वाचायला अनुभवी डोळा लागतो.

आता तुमचं अडणं. दोष सुपारीत नाही आणि मण्यातही नाही, भोकात आहे. नीट डोळ्यांपुढे आणा. दाभण उभं आहे तेव्हा पाइप त्याच्याभोवती डावी-उजवीकडे वळू शकतो, दाराच्या बिजागरीसारखा. पाव फेरी झाली की दाभण आडवं होतं. आता पाइपला डावी-उजवीकडे वळायचं तर दाभणाच्या टोकांनी पाइपमध्ये पुढे-मागे सरकायला हवं, म्हणजे पाइपच्या लांबीच्या दिशेने. तुम्ही गोल भोक पाडलंय, त्यात सरकायला जागाच नाही. म्हणून दाभण आडवं आलं की दर वेळी अडतं. खऱ्या आसात पिनेची टोकं सरकणाऱ्या ठोकळ्यांत बसवलेली असतात, ती खाचेत पुढे-मागे होतात. भोकं लांबट करा, पाइपच्या लांबीच्या दिशेने चार-पाच मिलिमीटर. रुंदी मात्र दाभणाएवढीच ठेवा, नाहीतर फिरवताना खडखड करेल.

---

तांडेल

सुरंगीताई, हे वाचून मी एकदम थांबलो. दोन पेन घेऊन करून बघितलं. बरोबर आहे. मी उगाच बिचाऱ्या सुपारीवर आळ घेतला.

वाळूवरून विचारतो, पुळणीची वाळू चालली असती का? आमच्याकडे तर तिचीच कमतरता नाही.

---

सुरंगी

तांडेलदादा, नको. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, ते हवेतली ओल धरतं, आणि ओली वाळू नळीत गोळा होऊन बसते. शिवाय त्यात शिंपल्यांचा चुरा, तो चाकाखाली पीठ होतो. कडक दाण्याची, चाळलेली आणि भाजून कोरडी केलेली वाळू लागते.

---

खाडीपलीकडे

या चार इंजिनांचं पुढे काय झालं, कुणाला नीट माहीत आहे का? एक नेरळला आहे हे काकांनी सांगितलंच.

---

उल्हासकाठ

७४० नंबरचं परदेशी गेलं. आधी कॅनडात होतं, मग इंग्लंडला लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेकडे आलं. बाकीची भारतातच राहिली.

लाइनीने मात्र बरंच सोसलंय. २६ जुलै २००५ च्या पावसात ती ठिकठिकाणी वाहून गेली, २००७ मध्ये शंभर वर्षं पूर्ण होता होता परत सुरू झाली. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून बंद, २०१८ मध्ये सुरू. २०१९ च्या पावसात पुन्हा खचली आणि थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी वर गेली. या बंदच्या काळात आमच्याकडच्या हमालांचे, घोडेवाल्यांचे, करवंदं विकणाऱ्यांचे काय हाल झाले ते आम्ही बघितलेत. माथेरानला मोटार जात नाही, दस्तुरीला थांबते. गाडी बंद म्हणजे वरचा सिलिंडर आणि पिठाची गोणीसुद्धा महाग.

---

दीपस्तंभ

माझा एक प्रश्न राहतो. या चारांपैकी एखादं पुन्हा वाफेवर आणावं का? मला वाटतं आणू नये. बॉयलर नवा, सिलिंडरना नवे लायनर, आस नवे, असं करत गेलं की मूळ इंजिनाचं उरणार काय? आहे तसं जपावं, कोरड्या छपराखाली ठेवावं.

---

पोफळबाग

यावर मी दोन रात्री विचार केला.

छप्पर हवं, यात वादच नाही. आपल्या हवेत उघड्यावरचं लोखंड चार पावसाळ्यांत पापडासारखं सुटतं. कुठलं ते लिहीत नाही, पण शोभेला ठेवलेल्या एका जुन्या इंजिनाला मी नुसतं हात लावून बघितलंय. तेलरंगाचे इतके थर की नटाचे सहा कोपरे हाताला लागत नाहीत, दांडा आणि खीळ एकजीव झालेले. रंग देणाऱ्याने मनापासूनच दिला असणार. पण त्या थराखाली ओल अडकते आणि आतून गंज चालू राहतो. दांडे उघडे ठेवून त्यांना ग्रीस लावणं जास्त बरं.

चालवण्याबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. इंजिन चालू होतं तेव्हाही त्याचे भाग बदलतच होते. बुश झिजला, नवा घातला. टायर झिजला, नवा चढवला. आमचा धंदाच तो. मूळ म्हणजे काय, तर आखणी. आणि ही आखणी अशी आहे की उभ्या इंजिनात ती दिसतच नाही. फुगवटा नळीच्या पोटात, पिन त्याच्याही पोटात. वळणावर चाक तिरकं होतंय आणि दांडा मात्र सरळ चाललाय, हे फक्त चालत्या इंजिनात दिसतं. मी त्या इंजिनासमोर तासभर उभा होतो आणि नातीने विचारलं नसतं तर मला काहीच कळलं नसतं.

सगळी चार चालवा असं म्हणत नाही. तीन तुमच्या म्हणण्याप्रमाणे जपा, एक चालवा. आणि तेही जमणार नसेल तर निदान एका इंजिनाशेजारी एक आस कापून, आतला भाग उघडा करून ठेवा, हाताने फिरवता येईल असा. पोरं फिरवतील.

---

दीपस्तंभ

कापलेल्या आसाची कल्पना मला पटली. खरा कापू नका, नवा करून कापा. चालवण्याबद्दल माझं मत तेच.

---

कुळागर

कापललो आस ठेवल्यानी तर मी वेंगुर्ल्याहून बघूक येतलंय.

---

पोफळबाग

सुरंगी, बाळा, जमलं!

दाभण काढलं, बारीक कानस घेतली आणि दोन्ही भोकं लांबट केली. पहिल्यांदा रुंदीही थोडी वाढली, तर तू म्हणालीस तसा खडखडाट. पाइपचा दुसरा तुकडा घेतला, एकाला एक लागून तीन बारीक भोकं पाडली आणि मधल्या भिंती कानसीने काढल्या. सुपारी तीच, पहिलीच. दाभण घातलं, झाकणं लावली. स्पोकची दोन्ही टोकं फळीला ठोकलेल्या दोन खिळ्यांवर ठेवली आणि स्पोक फिरवायला घेतला.

पाइप तिरका धरला. पाव फेरी झाली, अडलं नाही. अर्धी, पाऊण, पूर्ण. डोळे खाचेवर लावून बसलो होतो. दाभणाचं टोक आडवं आलं की खाचेत पुढे जातं, पुन्हा उभं होताना मध्ये येतं, मग मागे. प्रत्येक फेरीत तेवढंच, न चुकता. स्पोक मात्र आपला खिळ्यांवर सरळ.

नात दुपारी शाळेतून आली. तिला काही न सांगता हातात दिलं. तिने फिरवलं, तिरकं केलं, परत फिरवलं. मग पाइपच्या तोंडाला डोळा लावून आत बघितलं आणि म्हणाली, "आत आपली सुपारी आहे!" आणि थोड्या वेळाने, "म्हणून चाकं आत."

आता तिन्ही आसांची पूर्ण चौकट करायला घेतोय. बाजूचे दांडे छत्रीच्या काड्यांचे करावेत असं मनात आहे. तांडेल, तुमच्याकडे पितळेचे बारीक बुश पडलेले असतील तर सहा ठेवा, आतून तीन मिलिमीटरचे. पुढच्या आठवड्यात रेवसकडे येणं आहेच.

---

तांडेल

सहा नाही, आठ ठेवतो. दोन हरवणारच. जेट्टीवर उतरलात की उजव्या हाताला पत्र्याची शेड, आणि तीनच्या आत या, नंतर भरतीला होड्या लागतात.